राउंडअबाउटचं गाणं

गाडी सुरू करण्याआधी टीचर कॅसेट लावायच्या. सीटबेल्ट नंतर, आरसा नंतर, देवाचं नाव तर त्याहून नंतर. आधी कॅसेट. आणि कॅसेट कसली म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा चार पोरांनी जिवाच्या आकांतानं वाजवलेली आणि त्याहून आकांतानं गायलेली. पहिल्या दिवशी ती माझ्या कानावर आदळली तेव्हा मला वाटलं, इंजिन फुटलं. मी दार उघडून थेट बाहेर उडी मारली. टीचर आतूनच शांतपणे म्हणाल्या, "ये बाय, आत ये. गाडीला काय झालेलं नाही. गाणं आहे ते."

हे सगळं दुबईतलं, अल कुसैसमधलं. साल नव्व्याण्णव असेल, नाहीतर दोन हजार. शारजाच्या हद्दीजवळ, गोदामं आणि गॅरेजं जिथं दाटीवाटीनं उभी आहेत, तिथं एक ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि बायकांना शिकवायला तिथं बायकाच होत्या. त्यातल्या या आमच्या टीचर. वसईच्या ख्रिश्चन. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. पोटरीपर्यंत स्कर्ट, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, तेही तळवे पार झिजलेले. नवे घेतच नसत. म्हणायच्या, "पायाला पेडल कळलं पाहिजे गो. जाड बूट घालून गाडी चालवायची म्हणजे हातमोजे घालून पीठ मळायचं."

त्यांचं नाव मला अर्थातच ठाऊक होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. मलबारी, हैदराबादी, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळ्या बायका त्यांना टीचर म्हणायच्या. मॅनेजरही टीचर म्हणायचा, फक्त कपाळाला हात लावून.

आता मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. आम्ही मिरजेचे. दुबईत आमचा डब्यांचा धंदा होता. मी पहाटे उठून स्वयंपाक करायचे आणि नवरा व्हॅनमधून डबे पोचवायचा, देऱ्यापासून साटव्यापर्यंत. सगळं छान चाललेलं असताना त्याच्या साखरेनं डोळ्यांवर घाला घातला. पडद्याला सूज, मग रक्त, मग लेझर. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, दिवसा एकवेळ ठीक, पण आता फार दिवस चालवू नका. त्याचं लायसन्स सप्टेंबरात संपत होतं. रिन्यू करताना डोळे तपासतात, आणि तपासणारा स्वतः आंधळा असल्याशिवाय हा पास होणार नव्हता. ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा व्हिसा, त्याची खोली, त्याचा पगार. एवढा कुठला आमचा धंदा! म्हणजे सप्टेंबरच्या आत मला लायसन्स मिळालं तर डबे चालू. नाही मिळालं तर डबे खलास, आणि डबे खलास म्हणजे दुबई खलास, सामान बांधा आणि मुकाट्यानं मिरजेला चला.

आणि मी? मी आयुष्यात सायकलसुद्धा घंटी वाजवत, उतरत-चढत चालवलेली.

दुबईचं लायसन्स म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्या माणसालाच विचारा. चांगले इंजिनियर लोक सहा-सहा वेळा नापास होऊन तोंड लपवत फिरायचे. माझी तर पहिल्या दिवसापासून भंबेरी. टीचरनी मला दहा मिनिटं चालवू दिलं. मग गाडी कडेला घ्यायला लावली आणि निदान केलं.

"तीन तऱ्हा असतात शिकणाऱ्यांच्या," त्या म्हणाल्या. "एक भांडणारी. ती शिकते लवकर आणि ठोकतेही लवकर. दुसरी देवावर सोडणारी. तिच्याबरोबर मी पण देवाचं नाव घेते. आणि तिसरी तू. माफी मागणारी. तू गाडी चालवत नाहीस बाय, तू रस्त्यावर माफी मागत फिरतेस. ट्रक आला, सॉरी. टॅक्सी आली, सॉरी. त्या खांबाला पण सॉरी म्हणालीस तू आत्ता."

मी म्हटलं, "टीचर, हे गाणं जरा बंद करा ना. मला काही सुचत नाहीये."

"म्हणूनच तर लावलंय," त्या म्हणाल्या आणि आवाज वाढवला.

ही कॅसेट त्यांच्याकडे आली त्याचीही एक कथा आहे. ऊद मेथातल्या त्यांच्या चर्चमध्ये एकदा जुन्या वस्तूंची विक्री होती. तिथून टीचरनी भक्तिगीतांची म्हणून एक कॅसेट आणली. कव्हरवर मेणबत्त्या, कबुतर, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी गाडीत एक हैदराबादी बाई होती. ती बाई अल कुसैसच्या मोठ्या राउंडअबाउटच्या तोंडाशी येऊन जी थांबली ती थांबलीच. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडून शारजाचे ट्रक एकामागून एक येत होते आणि हिचा पाय ब्रेकवरून उठेना. मागून हॉर्न, शिव्या. बाई रडायला लागली. टीचरना वाटलं, जरा मन शांत होईल हिचं, म्हणून त्यांनी ती भक्तिगीतांची कॅसेट सरकवली. आणि मेणबत्त्यांच्या कव्हरातून ही ऑस्ट्रेलियन पोरं बाहेर आली! बाई अशी दचकली की ब्रेकवरचा पाय उठून ॲक्सिलरेटरवर पडला आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून गाडी राउंडअबाउट पार करून पलीकडे. अगदी बिनचूक.

"मी क्रूसाची खूण केली," टीचर सांगायच्या, "आणि विचार केला, हे काय झालं? फट तर आधी पण होती. दहा फटी गेल्या असतील. तिला दिसली का नाही? कारण तिच्या डोक्यात तिचाच आवाज चालला होता. मरशील, ठोकशील, नवरा ओरडेल. त्या पोरांनी येऊन तो आवाज बंद केला."

झालं. त्या दिवसापासून तीच कॅसेट. कव्हर मात्र मेणबत्त्यांचंच ठेवलं त्यांनी. "फादरनी आशीर्वाद दिलेला आहे त्याला," म्हणायच्या.

कॅसेटवर बँडचं नाव होतं, पण ते बारीक आणि पुसलेलं. टीचरना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. तरी एकदा त्यांनी ती करामा भागातल्या एका म्युझिकच्या दुकानात नेऊन तिथल्या सेल्समनला ऐकवली. त्यानं सांगितलं, "आंटी, ये स्केट पंक है. मेलोडिक वाला. ऑस्ट्रेलिया का."

"मेलोडिक तो मुझे भी समझता है, कान है मेरे को," टीचर म्हणाल्या. "वो स्केट क्या है?"

त्यानं सांगितलं, तिकडे पोरं फळीला चाकं लावून त्याच्यावर उभी राहतात आणि रस्त्यावरून पळतात, त्यांचं हे गाणं. टीचरना पहिला प्रश्न पडला तो लायसन्सचा. मग त्यांनी विचारलं, "और पंक?"

"गुस्सेवाले लोग, आंटी."

हे मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. त्या चर्चच्या गायनमंडळात लहानपणापासून खालचा सूर गात आलेल्या. मला म्हणाल्या, "रागावलेला माणूस एवढा सुरात गातो होय? नीट ऐक. एक वर गातोय, दुसरा त्याच्याखाली, तिसरा मधून जातोय. आमच्या नाताळच्या गाण्यासारखं आहे सगळं. ही पोरं रागावलेली नाहीत गो. घाईत आहेत. चर्चमधली मिस्सा आहे ही, फक्त यांना बस पकडायचीय."

मी ऐकलं. खरं सांगते, त्या दिवशी मला गोंगाटाशिवाय काही ऐकू आलं नाही. पण त्या मागेच लागल्या. लाल सिग्नलला थांबलो की बोट वर करायच्या, "हा बघ, हा आता दुसरा आला." आणि एक दिवस मला तो दुसरा खरंच ऐकू आला. पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून पळणारा, तेवढ्याच वेगानं, पण वेगळ्या उंचीवर. मी "अय्या!" म्हणाले आणि सिग्नल हिरवा झालेला विसरले.

"आलं ना?" टीचर म्हणाल्या. "आता मला सांग. चौघं जण एवढ्या जोरात पळतायत. कुणी कुणाला धडकलं? कुणी थांबून कुणाला सॉरी म्हटलं? प्रत्येक जण आपल्या लेनमध्ये. आणि लेन बदलायची तर आधी सांगून. तो ढोलवाला बघ, वळायच्या आधी इंडिकेटर देतो की नाही!"

ड्रमरला त्या ढोलवालाच म्हणायच्या. त्या ढोलवाल्यावर त्यांचा भारी जीव. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी तो नुसत्या काड्या एकमेकींवर आपटायचा, टक टक टक टक, आणि मग सगळे तुटून पडायचे. त्या चार टकांवर टीचरनी आपलं अख्खं शिक्षणशास्त्र उभं केलं होतं. पहिला टक आरसा, दुसरा इंडिकेटर, तिसऱ्याला मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, चौथ्याला निघायचं. चौथ्यानंतर विचार करायचा नाही. "चौथ्या टकानंतर ढोलवाला थांबला तर बाकीच्या तिघांनी काय करायचं?" असं त्या विचारायच्या.

बाकीची गाणीही अशीच वाटून दिलेली. तिसरं गाणं सरळ रस्त्याचं आणि गिअर बदलण्याचं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पार्किंगचं, कारण त्यात तेवढी एकच गिटार हळू वाजायची आणि गाणारा पोरगा झोपेतून उठल्यासारखा गायचा. कॅसेट उलटली की पहिलंच गाणं राउंडअबाउटचं. ते सुरू झालं रे झालं की त्या म्हणायच्या, "वळ डावीकडे. चल, तुझ्या ट्रकांना भेटून येऊ."

गाण्यात ती पोरं काय म्हणतात ते मात्र आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "लॅटिनमध्ये मिस्सा व्हायची तेव्हा माझ्या आईला कुठं कळत होती?"

घरी माझी वेगळीच परीक्षा. नवऱ्याला हे सगळं ऐकून वाटलं, मी कुठल्यातरी वेडीच्या हाती लागले. "अगं, शिकवणी कसली ती! तमाशा नुसता," तो म्हणायचा. "बदलून घे ती बाई." स्वतःचं लायसन्स जाणार या धास्तीनं तो तेव्हा सगळ्यांवरच उखडलेला असायचा. बिचाऱ्याला व्हॅनच्या काचेवरचा डागसुद्धा ट्रकसारखा दिसायला लागला होता, पण कबूल करायचा नाही. आमची लेक दुसरीत होती. मी भांडी घासता घासता राउंडअबाउटचं गाणं गुणगुणायला लागले तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "आई, व्हॉट इज धिस? इट्स सो कूल!" घरात तेवढीच एक माझ्या बाजूची.

आणि एवढं सगळं होऊन मी नापास होत होते. लागोपाठ चारदा. टेस्टला गाडीत कॅसेट नसते, शेजारी टीचर नसतात. पोलीस बसलेला असतो, मागच्या सीटवर आपापल्या पाळीची वाट बघणाऱ्या बायका, आणि गाडीत स्मशानशांतता. त्या शांततेत माझ्या डोक्यातला आवाज मोकाट सुटायचा. पहिल्या वेळी मी राउंडअबाउटला थांबले ती हललेच नाही. "यल्ला मदाम, यल्ला!" म्हणून पोलिसाचा घसा बसला. एकदा तर मी अशा गाडीला वाट दिली जी कडेला पार्क करून ठेवलेली होती. ड्रायव्हर नसलेल्या गाडीला! पोलिसानं माझ्याकडे बघितलं, त्या गाडीकडे बघितलं आणि कागदावर फुली मारली.

नापास होऊन आलं की टीचर ग्लोव्ह बॉक्समधून सुकेळी काढायच्या. वसईची सुकवलेली केळी, केळीच्याच पानात बांधलेली. एक आमच्या हातावर ठेवायच्या आणि एक स्वतः खायच्या. रागावणं नाही, समजावणं नाही. गावाहून कुणी आलं की खास मागवायच्या त्या. पास झालेल्या बाईला मात्र देत नसत. "तिला कशाला? तिला गाडी मिळाली." कौतुक तर त्यांनी कधी कुणाचं केलंच नाही. फार मनासारखं झालं तर नाकातून "हं" म्हणायच्या, आणि तेवढ्यानं दिवस सोन्याचा व्हायचा.

पाचवी टेस्ट ऑगस्टच्या शेवटी होती. ती हुकली असती तर पुढची तारीख सप्टेंबर उलटल्यावरच मिळत होती. म्हणजे हीच काय ती. आणि नेमकं त्याच्या आधीच्या आठवड्यात बिनसलं.

कुणा एका बाईचा नवरा तिला न्यायला आला असताना त्यानं टीचरच्या गाडीतून येणारं गाणं ऐकलं आणि तडक मॅनेजरकडे जाऊन तक्रार केली. बायकांच्या गाडीत सैतानी म्युझिक चालतं म्हणून. मॅनेजरनं टीचरना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं.

"टीचर, मैंने कितनी बार बोला, ये शोर बंद करो."

"शोर नहीं है. तीन लोग सुर में गाते हैं. आपने कभी पूरा सुना?"

"मुझे नहीं सुनना. कॅसेट इधर दो." त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं. "और एक भी कंप्लेंट आया तो मैं नहीं बचा सकता. व्हिसा कॅन्सल, सीधा वसई. समझ रही हो ना?"

टीचर बाहेर आल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, वसईला दोन भाच्यांची शिक्षणं त्यांच्या पगारावर चालली होती, हे मला इतर बायकांकडून कळलं होतं. आम्ही गाडीत बसलो. टेपचं तोंड रिकामं. मी गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर बंद पाडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. राउंडअबाउट समोर आला आणि मी पुन्हा ब्रेक दाबून थांबले. डावीकडून ट्रक. एक फट गेली. दुसरी गेली. मागून हॉर्न सुरू झाले. मला डोळ्यांसमोर मिरजेचं स्टेशन दिसायला लागलं.

"टीचर, नाही जमणार मला," मी म्हटलं. "खरंच नाही जमणार. बॅगाच भरते आता."

टीचरनी एकदा मागे बघितलं, स्कूलच्या दिशेनं. मग म्हणाल्या, "कॅसेट बंद करायला सांगितलीय. तोंडाचं काही बोलणं झालेलं नाही."

आणि त्यांनी दोन्ही तळहात डॅशबोर्डवर आपटले. टक टक टक टक. आणि गायला लागल्या! राउंडअबाउटचं गाणं, पहिल्यापासून, तेवढ्याच वेगात. शब्द येत नव्हते तर ना-ना-ना. गिटारच्या जागी तोंडानं डँव-डँव. ढोलवाला हातानं, आणि मधूनच मान उडवून त्याची झांज, "छ्श्श!" पन्नाशीची बाई, कपाळावरून घाम वाहतोय, काच उघडी, आणि ऑस्ट्रेलियातल्या चारही पोरांचं काम एकटी करतेय. शेजारच्या ट्रकमधला पठाण वाकून बघायला लागला. मला हसू फुटलं. अहो, असं हसू की डोळ्यांतून पाणी. हसता हसता मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवली आणि निघाले. राउंडअबाउट पार होऊन आम्ही पुढच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुणालाच सॉरी म्हटलं नाही.

त्या सबंध आठवड्यात त्या रोज गायल्या. आख्खी कॅसेट, दोन्ही बाजू. पार्किंगचं ते हळू गाणंही. ते गाताना त्यांचा आवाज असा काही लागायचा की मला वाटायचं गाडी पार्क होऊच नये. एवढ्या सुंदर गळ्याची बाई दिवसभर "क्लच, क्लच, अगो क्लच!" म्हणून ओरडत जगते, याचं मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त वाटायचं ते दुसरंच. बाहेर कुणी ऐकलं असतं, एक तक्रार गेली असती, तर त्यांचं सगळं संपलं असतं. कुणासाठी? तर मिरजेच्या एका डबेवालीसाठी. माझ्या सख्ख्या माणसांनी माझ्यासाठी एवढं धाडस केलं नसतं.

टेस्टच्या दिवशी माझ्याबरोबर मागे आणखी दोघी होत्या. एकीची पाळी आधी झाली, ती नापास झाली आणि मागे बसून मोठमोठ्यानं रडायला लागली. दुसरी जपमाळ ओढत कुराणातल्या आयता पुटपुटत होती. मी स्टिअरिंगवर बसले तेवढ्यात पोलिसाचा मोबाईल वाजला आणि तो घरच्या कुणाशी तरी अरबीत तावातावानं भांडायला लागला. एसी खडखडत होता. बाहेर क्रेनचा आवाज. म्हणजे गाडीत नुसता कल्लोळ. आणि मला एकदम इतकं शांत वाटलं म्हणून सांगू! एक रडतेय, एक जपतेय, एक भांडतोय, आणि प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये. मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवली आणि निघाले. राउंडअबाउटला डावीकडून ट्रक आले. मी थांबले, फट दिसली, गेले. कडेच्या पार्क केलेल्या गाड्यांना मी नमस्कारसुद्धा केला नाही.

पोलिसानं फोन खाली ठेवला, बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "खलास, मदाम. पास. मबरूक."

पटांगणात टीचर आपल्या गाडीचं दार उघडं ठेवून उन्हात उभ्या होत्या. मी पळत गेले आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागले. त्यांना वाटलं नापास, त्यांचा हात ग्लोव्ह बॉक्सकडे गेला. मी हातातला कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरून वाचला. मग हात मागे घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या बाईला हाक मारली, "यल्ला, ये गो तू."

कॅसेटचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. मॅनेजरनं स्वतःच परत केली. टीचर मी पास झाल्यावरही गातच राहिल्या होत्या, प्रत्येक बाईबरोबर, आठ-आठ तास. शेवटी तोच हात जोडून म्हणाला म्हणे, "टीचर, प्लीज, आप कॅसेट ही लगा लो. धीरे से." तक्रारीचं काय झालं कोण जाणे. बहुतेक त्या तक्रार करणाऱ्याची बायकोही पास झाली.

सप्टेंबरात नवऱ्याचं लायसन्स संपलं आणि व्हॅनची किल्ली माझ्याकडे आली. पहिले काही दिवस तो शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक!" करायचा. मग त्याचा आवाज हळूहळू बसला. डबे वेळेवर जायला लागले. आणि मी कामात अशी बुडाले की टीचरकडे एकदा जाऊन यायचं म्हणता म्हणता दोन महिने गेले.

एका शुक्रवारी आम्ही ऊद मेथात होतो. शुक्रवारी ऑफिसं बंद, पण एकेकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या खोल्यांवर आमचा मटणाचा स्पेशल डबा जायचा. चर्चच्या बाहेरच्या बसस्टॉपवर टीचर उभ्या दिसल्या. मिस्सा आटोपून आलेल्या, डोक्यावर छत्री, हातात पुस्तक. मी कडेला घेतलं. नवरा उतरला, आणि ज्यानं त्यांना वेडी म्हटलं होतं तो आपणहून "या टीचर, बसा, घरी सोडतो" म्हणून मागे डब्यांमध्ये जाऊन बसला.

"एवढ्या दूर कशाला," टीचर म्हणाल्या. "पुढच्या मोठ्या स्टॉपला सोड मला. तिथून अल कुसैसची बस सरळ मिळते."

त्या बसल्या, बेल्ट लावला. मी निघाले. मला वाटलं, आता सुरू होईल, क्लच, आरसा, मान. पण त्या गप्प. रस्ता बघत होत्या. मग माझ्या हातांकडे. एक टॅक्सी मध्ये घुसली, मी सरकून तिला जाऊ दिलं आणि पुढे गेले. मला धास्तीच वाटायला लागली.

"काही चुकतंय का टीचर?"

"नाही गो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता पुढे बोलल्या. "किती वर्षं झाली मला. किती बायका पास झाल्या माझ्या हाताखालून. पास झाली की बाय गेली. नापास झाली तर परत माझ्या गाडीत. म्हणजे ज्यांना येत नाही त्यांच्याच शेजारी बसत आलेय मी. येतं तेव्हा कशा चालवतात, ते कधी बघितलंच नाही."

मी चालवत राहिले. मोठा स्टॉप आला. मी कडेला घेऊन थांबले. अल कुसैसची बस मागून येऊन आमच्या पुढे उभी राहिली, दारं उघडली, माणसं चढायला लागली. टीचर बेल्टला हात लावेनात.

"टीचर, बस आली."

"दिसतेय मला," त्या म्हणाल्या, आणि सीटवर आणखी मागे रेलून बसल्या. "पुढचा डबा कुठं द्यायचाय?"